कान्होजीरावांची काच

मित्रांनो, मी दिसायला काही देखणी नाही. तुमच्या पाटीहून लहान, काळसर, एका कोपऱ्याचा टवका उडालेली काच. मला खिडकीत बसवता येत नाही, माझ्यात तोंडही बघता येत नाही. पण मला उजेडासमोर धरलेत तर माझ्या आत एक माणूस उभा दिसेल. त्याचा चेहरा काळा आहे आणि मिशा पांढऱ्या शुभ्र. घाबरू नका. उलट्या रंगाचा माणूस सांभाळून ठेवणे हेच माझे काम. फोटोवाले मला निगेटिव्ह म्हणतात. माझ्याखाली कागद ठेवून छाप काढला की काळ्याचे पांढरे होते, पांढऱ्याचे काळे होते, आणि माणूस जसा होता तसा समोर येतो.

मी घडले विलायतेतल्या एका कारखान्यात, आणि तेही अंधारात. तिथे माझ्या एका अंगावर चांदीच्या क्षाराचा पातळ, मऊ थर चढवला गेला. मग काळ्या कागदात गुंडाळून मला माझ्या बहिणींबरोबर पुठ्ठ्याच्या खोक्यात निजवले. जहाजाने मी मुंबईला आले, तिथून आगगाडीने ग्वाल्हेरला. एवढा प्रवास झाला, पण पाहिले काहीच नव्हते. आम्हा काचांच्या नशिबी देवाने एकदाच पाहणे लिहिले आहे. एकदाच डोळा उघडायचा आणि जे दिसेल ते जन्मभर धरून ठेवायचे. त्या अंधाऱ्या खोक्यात मी रोज एवढेच मागत असे की, देवा, जे दिसेल ते चांगले दिसू दे.

त्याने माझे ऐकले.

ग्वाल्हेरच्या लष्कर नावाच्या भागात, नया बाजारात, नानांचा फोटो स्टुडिओ होता. ते संस्थानचे दिवस, आणि जगात दुसरे मोठे युद्ध पेटलेले. संस्थानच्या फौजेतले हवालदार कान्होजीराव लढाईवर निघाले होते. निघण्याआधी ते पत्नीला, सुलोचनाबाईंना, घेऊन स्टुडिओत आले. फोटो त्यांच्या एकट्याचाच काढायचा होता. सुलोचनाबाई पडद्याआड खुर्चीवर बसल्या.

नाना काळ्या कापडाखालून म्हणाले, "कान्होजीराव, अंग जरा ढिलं सोडा. समोर कॅमेरा आहे, तोफ नाही."

"तोफेची सवय आहे नाना. भीती याचीच वाटून राहिली."

पडद्याआडून हसण्याचा बारीकसा आवाज आला. कान्होजीरावांनी मान वळवली नाही, फौजेतले ना ते! पण त्यांची डावी मिशी किंचित वर गेली, आणि नेमके तेव्हाच नानांनी भिंगावरचे झाकण काढले. मी डोळा उघडला. मला दिसलेले जग तेवढेच. हसू आवरून उभा असलेला एक माणूस.

कान्होजीराव ब्रह्मदेशाच्या लढाईत पडले. ते परत आले नाहीत.

मी स्टुडिओच्या माळ्यावर एका लाकडी पेटीत होते. माझ्या किती तरी बहिणींना त्या काळात सोड्याच्या पाण्यात घालून धुऊन टाकले. युद्धामुळे काच मिळेनाशी झाली होती. जुन्या निगेटिव्ह धुतल्या की फ्रेमला बसवायला स्वच्छ काच मिळे. पण नानांनी फौजेतल्या माणसांच्या काचांना हात लावू दिला नाही. "त्यांच्या घरचे केव्हाही येतील," असे ते म्हणत. त्या एका वाक्याने मी वाचले. नाना पुढे देवाघरी गेले, पण आजही त्यांची आठवण आली की माझे मन भरून येते.

मग संस्थान विलीन झाले आणि मध्यभारत नावाचे नवे राज्य झाले. फौजही भारताच्या फौजेत मिसळून गेली. स्टुडिओत पागोटी आणि तलवारी घेऊन येणारे सरदार कमी झाले, कोट घातलेले बाबू वाढले. नानांचे चिरंजीव माधवराव आता कॅमेऱ्यामागे उभे राहत. माणसांचे फोटो काढण्यात त्यांचे नाव झाले होते. "चेहरा बोलला पाहिजे," हे त्यांचे म्हणणे, आणि जोवर तो बोलत नाही तोवर ते गिऱ्हाइकाला फोटो देत नसत. त्यांच्या पत्नी इंदुताई स्टुडिओच्या मागच्या घरात राहत. सकाळी देवाला दिवा लावल्याशिवाय त्या पाण्याचा घोटही घेत नसत, आणि देवाला लावलेल्या दिव्याची एक ज्योत नेमाने स्टुडिओच्या उंबऱ्यावर आणून ठेवत.

एकोणीसशे छप्पन साल उजाडले. आता मध्यभारतही राहणार नव्हते. नवे मध्य प्रदेश राज्य होणार, त्याची राजधानी भोपाळ, आणि ग्वाल्हेरची कितीतरी कार्यालये तिकडे जाणार. गावात सगळीकडे सामान बांधण्याचीच भाषा. पांगण्याआधी एकत्र फोटो हवा म्हणून बाबूंचे घोळके स्टुडिओत येत, आणि पुढच्या रांगेत कोणी बसायचे यावरून हळू आवाजात भांडत.

त्या गर्दीत दसऱ्याच्या आधी सुलोचनाबाई आल्या. बरोबर मुलगा बळवंत होता. वडील गेले तेव्हा तो शाळेत होता, आता सचिवालयात कारकून होता. सुलोचनाबाईंनी पदराखालून एक फोटो काढून माधवरावांपुढे ठेवला.

मी आतल्या माळ्यावरून तो पाहिला नाही, पण माधवराव इंदुताईंना सांगत होते ते ऐकले. माझ्यावरून काढलेला तो पहिलाच फोटो. त्यात गणवेश होता, बटणे होती, पट्टा होता. चेहरा मात्र नव्हता. चेहऱ्याच्या जागी नुसता खरखरीत पांढरा ठिपका. सुलोचनाबाई इतकी वर्षे रोज सकाळी त्या फोटोला गंध लावत आल्या होत्या. फ्रेमची काच त्यांनी काढून ठेवली होती, कारण काच मध्ये आली की ते लांब गेल्यासारखे वाटे. ओले गंध लावून आणि पुसून कागदावरचा चेहराच निघून गेला होता.

"माझ्याच बोटानं गेला हो," त्या म्हणाल्या. "नानांकडे काच आहे, कधीही नवी कॉपी काढू, असं म्हणत राहिले. आता भोपाळला जायचं. त्यांचा दुसरा फोटो नाही माधवराव. चेहरा विसरत चालले मी. मिशी आठवते, डोळे आठवत नाहीत."

माधवरावांनी मला शोधून खाली आणले, फुंकर घालून धूळ उडवली आणि टेबलावर ठेवले. खंडेनवमी आली होती. नवमीला हत्यारांची पूजा करायची आणि ती मग दसऱ्यापर्यंत वापरायची नाहीत, म्हणून छाप काढायचे काम दसऱ्यानंतर करू असे त्यांनी ठरवले.

नवमीच्या सकाळी माधवराव झेंडू आणायला बाजारात गेले होते. इंदुताईंनी टेबल पुसून पूजा मांडली. कॅमेरा, भिंगे, कात्री, कागद कापायचे यंत्र. मग त्यांचे लक्ष माझ्याकडे गेले. त्यांनी मला खिडकीकडे धरून पाहिले. "हे तर खरे हत्यारवाले," त्या पुटपुटल्या. त्यांनी मला पूजेत मधोमध ठेवले आणि हळदकुंकवाचे बोट लावले. मऊ थराच्या अंगाला हात लावायचा नाही हे त्यांना ठाऊक होते, म्हणून त्यांनी बोट मागच्या बाजूला लावले. वर अंगणातल्या फुलांची ओंजळ ठेवली, तिच्याखाली मी झाकूनच गेले. दसऱ्याला पूजा उतरवताना ओल्या फडक्याने मला पुसलेही. मित्रांनो, काचेची पूजा कोण करतो? माझा आनंद मलाच मावेना.

पण पुढे जे झाले त्याने तो आनंद पार मावळला.

माधवरावांनी रात्रीच्या कामात मला छापाच्या चौकटीत घातले आणि फोटो काढला. गणवेशाची बटणे चकचकीत आली. मागचा पडदाही स्पष्ट आला. चेहरा मात्र राख फासल्यासारखा. डोळे आहेत की नाहीत ते कळेना, मिशी फिकट, जणू धुक्यातून कोणी बघते आहे. त्यांनी जास्त उजेड देऊन पाहिले, तर गणवेश काळा ठिक्कर झाला आणि चेहरा तसाच मळकट. कागद बदलला. औषध नवे केले. त्याच कागदावर, त्याच औषधात एका नवऱ्यामुलाचा फोटो काढला, तो असा आला की आत्ता बोलेल! मला विजेच्या दिव्यासमोर धरून त्यांनी बारकाईने पाहिले. काही दिसले नाही.

दोष माझ्यातच होता. मला वाटले, मी म्हातारी झाले. मला एकच गोष्ट सांभाळायला दिली होती आणि तीच माझ्याजवळून निसटली.

सुलोचनाबाई आणि बळवंत आले तेव्हा माधवरावांनी फोटो पुढे ठेवला. बळवंतने तो उचलला आणि म्हणाला, "माधवराव, हा फोटो आहे की भूत? एवढं नाव तुमचं, और ये काम?"

"बळवंता!" आईने दटावले.

"मग काय तर! आई, छोड़ो ना. भोपाळला मोठे मोठे स्टुडिओ आहेत, तिथे बनवून घेऊ."

"भोपाळला स्टुडिओ असतील," माधवराव शांतपणे म्हणाले, "पण ही काच कुठं असेल? दोष छापाचा नाही काकू. काचच बिघडली. वर्षं झाली, पावसाळे झाले, चेहऱ्यावरची चांदी खराब झाली असणार." मग ते म्हणाले, "म्हणाल तर मी ब्रशनं चेहरा भरून देतो. डोळे, मिशी, सगळं. लोक करून घेतात, कळत नाही."

सुलोचनाबाईंनी मान हलवली. "तुम्ही त्यांचे डोळे कुठं पाहिलेत? तुम्ही काढाल ते डोळे चांगलेच असतील. पण त्यांचे नसतील."

बळवंतने तो वाईट फोटो खाली ठेवायला हात पुढे केला, आणि मग ठेवलाच नाही. खिशात घातला. त्यालाही वडिलांचा चेहरा आठवत नव्हता, हे त्याने इतके दिवस आईला सांगितले नव्हते.

दिवाळी तोंडावर आली. स्टुडिओची साफसफाई निघाली. माधवरावांनी निकामी काचा सोड्याच्या पाण्यात घालण्यासाठी अंगणातल्या कट्ट्यावर एकावर एक रचल्या, आणि मोठ्या जड मनाने मलाही त्यांच्यात ठेवले. मी देवाचे नाव घेतले. मनात म्हटले, निदान कोणाच्या तरी फोटोपुढे स्वच्छ काच होऊन बसेन.

आणि त्याच दुपारी सुलोचनाबाई एकट्याच आल्या. दुसऱ्या दिवशी त्यांची गाडी होती.

"माधवराव, फोटो नको. ती काचच मला एकदा दाखवा. त्यांना तिनं पाहिलंय, नाही का? तिला नमस्कार करून जाते."

माधवरावांनी मला रचलेल्या काचांतून काढले. सुलोचनाबाईंनी हात पुसले आणि मला घेतले. कट्ट्यावर ऊन पडले होते. आकाशाकडे धरले तर डोळे दिपू लागले, म्हणून त्यांनी आपला पांढरा पदर गुडघ्यावर पसरला आणि मला त्याच्यावर धरले. उन्हात, शुभ्र कापडावर मी पहिल्यांदाच ठेवली गेले होते.

त्या बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "चेहऱ्यावर हे पिवळं कशाचं?"

"पिवळं?" माधवराव वाकले. "पिवळं कुठं आहे?"

"हे काय. पदराशी लावून बघा ना. इथून इथपर्यंत."

खरेच होते. कान्होजीरावांच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत एक अगदी पातळ पिवळी झाक पसरली होती. माधवरावांनी मला उलटे केले, बोट ओले करून मागच्या काचेवरून फिरवले आणि बोटाकडे पाहत राहिले. मग एकदम मोठ्याने हसले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आले.

"काकू, चांदी शाबूत आहे! काच चांगली आहे! अहो, आमचा कागद पिवळ्या उजेडाला आंधळा असतो. तुम्हाआम्हाला हा पिवळा दिसतो न दिसतोसा, पण कागदाला वाटतं मध्ये पडदाच टांगलाय. म्हणून चेहऱ्यापर्यंत उजेड पोचलाच नाही. आणि मी बघत होतो रात्री, लाल दिव्यात, नाहीतर पिवळ्या बल्बसमोर. तिथं पिवळं कसं दिसणार? पण हे आलं कुठून?"

मागच्या दारात इंदुताई चहाचे कप घेऊन उभ्या होत्या.

"अहो, हळद आहे ती," त्या म्हणाल्या. "माझ्या हातची. नवमीला पूजेत ठेवली होती मी काच. दसऱ्याला पुसलीही होती हो ओल्या फडक्यानं. कुंकू निघालं, हळद राहिली असेल."

"पुसलीस म्हणूनच पसरली!" माधवरावांचा आवाज चढला. "एवढी वर्षं फोटोवाल्याच्या घरात राहून तुला—"

"थांबा, माधवराव." सुलोचनाबाईंचा आवाज अगदी हळू होता, पण ते थांबले. त्या इंदुताईंकडे वळल्या. "नवमीला पूजा केलीत? हत्यारांबरोबर? यांची?"

इंदुताईंनी खाली बघत मान हलवली. "वाटलं, लढाईवर गेलेला माणूस. त्यांच्याशिवाय नवमीची पूजा कशी पुरी होणार? चुकलं माझं. तुमचा केवढा खोळंबा झाला."

"आमच्या घरी नवमीला आता बळवंताचं पेन पुजतात," सुलोचनाबाई म्हणाल्या. "तलवार फौजेबरोबर गेली. मला तर हळदकुंकवाला हात लावता येत नाही, म्हणून मी गंधच लावत राहिले. इतक्या वर्षांत त्यांना नवमीची हळद कुणी लावली नव्हती बाई. तुम्ही लावलीत." त्यांनी इंदुताईंच्या हातातले कप घेऊन कट्ट्यावर ठेवले आणि तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला. "माझ्या गंधानं कागद गेला. तुमची हळद तर पुसून निघेल. निघेल ना माधवराव?"

"निघेल," माधवराव म्हणाले. त्यांचा राग केव्हाच उतरला होता. ते जरा ओशाळलेही होते.

त्यांनी घडी घातलेल्या मऊ फडक्यावर मला पालथे निजवले. कापसाच्या बोळ्याला थोडे स्पिरिट लावून ते माझी पाठ पुसू लागले. एक थेंब जरी कडेवरून पलीकडच्या मऊ थरावर उतरला असता तर हळद तिथे मुरली असती, म्हणून इंदुताईंनी कडेला कोरडे फडके धरून ठेवले होते. कापूस पिवळा होत गेला, मग फिका, मग पांढराच राहिला.

मग माधवराव म्हणाले, "चला काकू, आत. तुमच्यासमोरच काढू."

अंधाऱ्या खोलीत लाल दिवा लागला. मी कागदाशी छातीला छाती लावून चौकटीत बसले. वरून उजेड आला आणि गेला. माधवरावांनी कोरा कागद तबकातल्या औषधात सोडला आणि तबक हळूहळू हलवू लागले. सुलोचनाबाई जवळ येऊन वाकल्या. डोक्यावरचा पदर केव्हा सरकला, त्यांना कळलेही नाही.

आधी बटणे आली. मग पट्टा. मग मिशी, आणि तिची वर गेलेली डावी बाजू. आणि मग औषधाच्या तळातून डोळे वर आले, काळे, स्वच्छ, हसू आवरणारे.

सुलोचनाबाईंनी झटकन पदर डोक्यावरून ओढून घेतला. घरात मोठे माणूस आले की घेतात ना, तसा. इंदुताईंनी ते पाहिले आणि त्यांनीही आपला पदर सावरला. माधवराव तबक हलवत राहिले, त्यांनी मान वर केली नाही.

"भोपाळला चाललोय आपण," सुलोचनाबाई तबकाकडे बघून हळूच म्हणाल्या. "बळवंताची बदली झाली."

मित्रांनो, माझी गोष्ट एवढीच. तो फोटो नीट धुऊन, वाळवून दुसऱ्या दिवशी पडावच्या स्टेशनवरून आगगाडीने भोपाळला गेला. यावेळी तो फ्रेममध्ये काचेआड होता. सुलोचनाबाई आता गंध त्या काचेला लावतात, असे बळवंत एकदा येऊन सांगून गेला. त्याने आपल्यासाठीही एक प्रत मागून नेली. इंदुताईंची नवमीची पूजा काही थांबली नाही. हळदकुंकवाचे बोट आता माझ्या लाकडी पेटीच्या झाकणाला लागते, आणि आतल्या सगळ्या काचांना ते पोचते, असे मी मानते.

आता माझे काम जवळजवळ संपले आहे. तरी मी सुखात आहे. मला घडवणारे, नाना, माधवराव, इंदुताई, आणि मला उन्हात पांढऱ्या पदरावर धरणाऱ्या सुलोचनाबाई, या सगळ्यांचे माझ्यावर फार उपकार आहेत. तुमच्याही घरात एखाद्या कपाटात अशी जुनी काच, जुना फोटो असेल. त्याला कडांना धरून उचला. ओल्या हाताने पुसू नका. आणि तो बिघडला असे वाटले तर टाकून देण्याआधी एकदा दिवसाच्या उजेडात, स्वच्छ पांढऱ्या कापडावर ठेवून बघा. कोणाचे तरी माणूस आत उभे असेल.